धावपट्टीला ९५ वर्षं, वस्तीला नोटीस

(जंगल-जमीन हक्क मेळाव्यात इंदापूर-बारामतीकडच्या साथींनी केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)



आम्ही इंदापूर आणि बारामती तालुक्यांतून आलो आहोत. आमच्यातले बरेचजण पारधी समाजाचे, दोघं-तिघं धनगर वाड्यावरचे. तुमच्याकडं डोंगर, ओढे, हिरडा. आमच्याकडं मुरमाड माळ. तुम्ही म्हणाल, ही माळावरची माणसं जंगलवाल्यांना काय सांगणार? आमच्याकडं झाडं कमी, ते खरं आहे. पण आमचं गवताचं रान हेच आमचं जंगल. त्यात चिंकारा आहे, लांडगा आहे, ससा आहे, तित्तर आहे. सुप्याजवळ चिंकारासाठी १९९७ साली मयुरेश्वर अभयारण्य केलं, ते अशाच रानात. आणि तरी कागदावर ह्या रानाचं नाव काय? तर पडीक.

आज आम्ही ह्या 'पडीक' शब्दाबद्दलच बोलणार आहोत. विमानाला धावपट्टी लागते. तोफेला कारखाना लागतो, चाचणीला मैदान लागतं, दारूगोळ्याला गावापासून लांब कोठार लागतं. ह्या सगळ्याला सपाट, मोकळी आणि कोणाची नसलेली जमीन पाहिजे असते. कोणाची नसलेली म्हणून जी जमीन नकाशात दाखवतात, तिच्यावर आपली माणसं राहत असतात. म्हणून आमची गोष्ट ती तुमची पण आहे.

आधी डोक्यावरचं सांगतो. बारामतीला विमानतळ आहे. एमआयडीसीनं बांधलेला. तिथं पोरापोरींना विमान चालवायला शिकवतात. दिवसभर बारकी विमानं आमच्या माळावर घिरट्या घालतात. शेरडं पहिल्यांदा बुजायची, आता बुजत नाहीत. २५ जुलै २०२२ ला असंच एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात पडलं. एक तरुण मुलगी एकटी चालवत होती. ती वाचली, थोडं लागलं. गावातली माणसं धावत गेली. पुढं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं बारामतीजवळ कोसळली. पडलेल्याला उचलायला धावणारा माणूस हा शिवारातलाच असतो. त्या वेळी त्याला कोणी विचारत नाही, की बाबा तुझा सातबारा कुठाय, तू इथं कोणत्या हक्कानं उभा आहेस.

आता करार बघा. २००९ साली राज्यातले पाच विमानतळ, त्यात आमचं बारामतीचं, एका खाजगी कंपनीला ९५ वर्षांच्या करारानं द्यायचं ठरलं. पंच्याण्णव वर्षं! म्हणजे आज जन्मलेल्या लेकराची नातवंडं कर्ती होतील तोपर्यंत. आणि त्याच तालुक्यांत आमची वस्ती गायरानात तीन पिढ्या आहे, तर आम्हाला दर दोन-चार वर्षांनी विचारतात, तुम्ही इथं कधी आलात? विमान उतरायला शंभर वर्षांचा भरवसा, माणूस राहायला एका पावसाळ्याचा पण नाही.

कोणी असं समजू नका, की आम्ही विमानाच्या किंवा सैन्याच्या विरोधात आहोत. तुमच्या गावांतली पोरं सैन्यात आहेत. आमच्या वस्तीतला पोरगा भरतीसाठी पहाटे त्याच माळावर पळतो. देशाचं राखण झालंच पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच आहे, की राखणीची किंमत कोण देतो आणि त्यातलं कोणाच्या पदरात काय पडतं.

पुणं बघा. लोक म्हणतात पुणं विद्येचं माहेरघर. ते आहेच. पण पुणं दारूगोळ्याचं पण माहेरघर आहे. १८१७ साली खडकीच्या लढाईत इंग्रज जिंकले आणि तिथंच त्यांचा तळ पडला. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या वक्ताला लोहगावचा हवाई तळ झाला, देहूरोडला लष्कराची कोठारं झाली. स्वातंत्र्य आलं, तरी हे थांबलं नाही, वाढलं. खडकवासल्याच्या तळ्याकाठी प्रबोधिनी आली, तिला सात हजारांहून जास्त एकर जमीन. पाषाणला शस्त्रांची प्रयोगशाळा, तिथं पुढं पिनाक रॉकेट तयार झालं. सुतारवाडीला स्फोटकांची प्रयोगशाळा, दिघीला लष्करी पूल बनवणारी. मुंढव्याला आता खाजगी कारखान्यात तोफा होतात. नाशिककडच्या साथींना ओझर माहीतच आहे. १९६४ साली तिथं मिग विमानांचा कारखाना आला, पुढं तिथंच सुखोई विमानं जोडली गेली.

एक कारखाना आला, की त्याला सुटे भाग करणारे दहा येतात. त्यांच्यामागं कामगार, कामगारांमागं बिल्डर, बिल्डरमागं रस्ता. असं करत करत पुणं पिंपरी-चिंचवडला भिडलं, चाकणला गेलं, रांजणगावला गेलं, आणि आता आमच्या बारामती-इंदापूरपर्यंत त्याचा हात पोचलाय. शहराला आपण महानगर म्हणतो. महानगर म्हणजे काय, तर आधी ज्याच्या कुंपणाला हात लावायचा नाही असा लष्करी तळ, आणि मग त्याच्याभोवती साचलेली वस्ती.

ह्या शहराला पाणी कुठून? तुमच्या डोंगरातून. पानशेत, वरसगाव, टेमघर. धरणांखाली कोणाची भातखाचरं गेली, कोणाची वाडी वर सरकली, ते मुळशी-वेल्ह्याच्या साथींना आम्ही सांगायला नको. हे पाणी खडकवासल्याला येतं. तिथून कालवा निघतो तो हवेली, दौंड करत पार इंदापूरपर्यंत येतो. २०० किलोमीटरचा कालवा. मूळ पाणी शेतीचं. पण आधी शहर पितं, आणि शेपटाला आम्ही. इंदापूरच्या शेवटच्या गावाला पाणी पोचायच्या आत आवर्तन संपतं. इंदापुरात दुसरीकडं उजनीचं पाणी आहे, पण त्याच्यासाठी इंदापूरचीच गावं बुडाली. जुन्या पळसदेवचं देऊळ दुष्काळात पाण्याबाहेर येतं, लोक बघायला जातात.

म्हणजे हिशोब असा झाला: डोंगरातल्या माणसाची जमीन बुडाली, माळावरच्या माणसाला पाणी पोचलं नाही, आणि मधल्या शहराचं भागलं. आपण दोघं एकाच कालव्याच्या दोन टोकांना आहोत. म्हणून आम्ही इथं आलोय.

आता शेजारच्या पुरंदरचं सांगतो, कारण त्यात आपल्यासाठी शिकण्यासारखं आहे. पुण्याचं विमानतळ हे खरं म्हणजे लोहगावचा हवाई दलाचा तळ. प्रवासी विमान तिथं पाहुण्यासारखं उतरतं. तळ दलाचा, वेळ दलाची. म्हणून पुण्याला वेगळा विमानतळ पाहिजे. २०१६ साली पुरंदर तालुका ठरला. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव, ही सात गावं. अंजीर, सीताफळाचा मुलूख. लोकांनी विरोध केला. मधे पुरंदर-बारामतीच्या शिवेवरची दुसरी जागा पुढं आली, तर संरक्षण खात्यानं तिला नकार दिला. मग परत पहिलीच जागा. म्हणजे गावकऱ्यांनी नको म्हटलं तर फाइल चालूच राहते, संरक्षण खात्यानं नको म्हटलं तर फाइल बंद होते. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोननं मोजणी करायला आले, तेव्हा गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले. पुढं बऱ्याच जणांनी संमती पण दिली. आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्याच्या घरी आजारपण आहे, लग्न आहे, कर्ज आहे, त्याला बाहेरून बोलणं सोपं असतं.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पुरंदरच्या शेतकऱ्याकडं सातबारा आहे. म्हणून त्याची संमती मागावी लागली, भाव ठरवावा लागला, त्याच्या दारात अधिकारी गेला. गायरानात राहणाऱ्याची संमती कोण मागतं? फॉरेस्टच्या जागेत चार एकर कसणाऱ्याच्या दारात कोण येतं? त्याच्या दारात फक्त नोटीस येते. सातबारावाल्याची जमीन जाते तेव्हा त्याला म्हणतात प्रकल्पग्रस्त. आपली जाते तेव्हा आपल्याला म्हणतात अतिक्रमणवाला. जमीन तीच, कुऱ्हाड तीच, शब्द वेगळा. आणि सगळा पैसा त्या शब्दावर ठरतो.

आता आमच्या वस्तीची गोष्ट. वस्तीचं नाव सांगत नाही, प्रकरण चालू आहे. एकतीस घरं. गायरानात. आमच्या आज्यांचा जन्म झाला तेव्हा आमच्या जातीला जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा होता. १८७१ चा कायदा, तो १९५२ साली गेला. कायदा गेला, नजर गेली नाही. तारेच्या कंपाउंडजवळ आपला माणूस शेरडामागं दिसला, की वॉचमन शिट्टी मारतो. चोरी कुठंही होऊ दे, जीप आधी आमच्याकडं येते. अशा लोकांनी कागद जपायचा कसा? पालातून पालात जाताना भांडी सुद्धा राहत नव्हती.

२०२२ साली हायकोर्टात गायरानाचा विषय निघाला. राज्यभरात दोन लाखांहून जास्त अतिक्रमणं आहेत असा आकडा पुढं आला. त्या हिवाळ्यात राज्यात जागोजाग नोटिसा निघाल्या. आम्हाला पण आली. इतक्या दिवसांत जागा खाली करा, नाहीतर खर्च तुमच्याकडून वसूल करू. वस्तीत त्या रात्री चूल पेटली नाही. तरणी पोरं म्हणाली, बसून मार खाण्यापेक्षा निघून जाऊ. एक आजी म्हणाली, "निघून निघूनच तर आपण बिनकागदाचे झालो."

तिचं ऐकून आम्ही कागद शोधायला लागलो. १९९१ च्या २८ नोव्हेंबरचा शासन निर्णय आहे. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० ह्या काळात दलित, आदिवासी भूमिहीनांनी कसायला घेतलेलं गायरान नियमित करायचं, असा. मराठवाड्यातल्या दलित भूमिहीनांनी ह्या निर्णयासाठी आयुष्यं घातली. आम्हाला त्याची माहितीच नव्हती. आता १९९० च्या आधी आम्ही तिथं होतो हे दाखवायचं कसं? तलाठ्याकडं गाव नमुना एक-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. त्यात एका साली आमची पाच नावं आहेत, पुढच्या साली नाहीत, परत तिसऱ्या साली आहेत. जणू काय आम्ही मधल्या साली चंद्रावर गेलो होतो. मग एका आईच्या पत्र्याच्या डब्यात दंडाच्या पावत्या सापडल्या. तिनं दंड भरला आणि पावती फेकली नाही. तिला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "पैसं घेऊन दिलाय म्हणजे कायतरी कामाचाच असंल."

आणि मग शाळा. आमच्यातल्या एकाला आठवलं, की त्याला मास्तरांनी ओढून शाळेत घातलं होतं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात १९८७ साली त्याचं नाव आहे, आणि राहण्याच्या जागी लिहिलंय: गायरान वस्ती. दोन शब्द. मास्तरांनी सहज लिहिले असतील. त्या दोन शब्दांवर आज एकतीस घरं उभी आहेत. प्रकरण कचेरीत आहे. निकाल लागलेला नाही. जिंकलो असं आम्ही सांगणार नाही. पण जेसीबी आला नाही, आणि आता साहेब आम्हाला बसा म्हणतो.

एक गंमत पण सांगतो. कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखात्यानं २०२४ मध्ये गवताळ रानाची सफारी सुरू केली. पुण्याचे लोक गाडीत बसून पैसे देऊन लांडगा बघायला येतात. चांगलं आहे, रान राहील. पण त्यातून एक सिद्ध झालं, की हे रान पडीक नव्हतं. शहराला धावपट्टी पाहिजे असेल तेव्हा ते पडीक, आणि लांडगा बघायचा असेल तेव्हा ते निसर्ग. फक्त आम्ही तिथं असलो, की ते अतिक्रमण.

आता तुमच्या कामाचं बोलतो. कारण गायरानापेक्षा तुमच्या हातात मोठं हत्यार आहे, वनहक्काचा कायदा, २००६ चा. त्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा असतो. एका कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत. आणि त्याहून मोठं म्हणजे गावाचा सामूहिक हक्क: चराई, हिरडा, मध, पाणी, जंगल राखण्याचा अधिकार. दाव्याची चौकशी पुरी होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही, हे कलम ४ पोटकलम ५ मध्ये लिहिलेलं आहे. ते पाठ करा. रेंजर आला तर तोंडावर म्हणता आलं पाहिजे.

आमच्या कानावर येतं, की कितीतरी वाड्यांनी प्लॉटचे दावे केले, पण सामूहिक दावा केला नाही. लोक म्हणतात, जंगल तर आपलंच आहे, ते कोण नेतंय. अहो, आम्ही पण हेच म्हणायचो. माळ आपलाच आहे. आणि एक दिवस खुंट्या आल्या. माझा प्लॉट मी वाचवीन, पण चरायचं रान, पाणवठा, स्मशान, देवाची राई कोणाच्या नावावर आहे? जे सगळ्यांचं आहे आणि कोणाच्याच नावावर नाही, ते सगळ्यात आधी जातं. आजच्या भाषणातलं एवढं एक वाक्य घरी नेलंत तरी आमचं एसटीचं तिकीट वसूल झालं.

घाई का करायची, ते पण सांगतो. २०२३ साली वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. सुरक्षेशी संबंधित बांधकामाला १० हेक्टरपर्यंत जंगलाची जमीन आता त्या कायद्याच्या परवानगीतून सुटली आहे. दहा हेक्टर म्हणजे जवळजवळ पंचवीस एकर. एखादी आख्खी वाडी बसते त्यात. पण वनहक्क कायदा त्यानं रद्द झालेला नाही. ज्या गावाचा हक्क कागदावर आहे, त्या गावाला विचारावं लागेल. ज्याचा नाही, त्याला पडीक म्हणतील. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पण देशाच्या संरक्षणासाठी तातडीनं जमीन घ्यायचं कलम आहे, कलम ४०. त्यात सुद्धा लिहिलंय, की लागेल तेवढी कमीत कमीच जमीन घ्यायची. म्हणून विचारायला लाजू नका. किती लागते? एवढीच का? दुसरीकडं का नाही? देशाचं नाव काढलं, की आपण गप्प बसतो. प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह नव्हे. आपण पण देशच आहोत.

आणि लढून काही होतं का, असं ज्यांना वाटतं, त्यांना नेतरहाट सांगतो. झारखंडातला डोंगरी आदिवासी मुलूख. तिथं तोफांच्या सरावासाठी २४५ गावांचा पट्टा ठरवला होता. सराव आला, की लोकांनी घरं सोडून रानात जायचं, परत यायचं. १९९४ च्या मार्चमध्ये हजारो आदिवासी रस्त्यावर बसले, बाया पुढं बसल्या, आणि सैन्याच्या गाड्या परत गेल्या. त्यानंतर तिथं सराव झाला नाही. तरी कागद जिवंत होता. म्हणून लोक दर वर्षी मार्चमध्ये तिथं जमत राहिले, जवळजवळ तीस वर्षं. २०२२ साली राज्य सरकारनं मुदत वाढवायची नाही असं ठरवलं. गाड्या एका दिवसात परत गेल्या, कागद परत घ्यायला तीस वर्षं लागली. दोन्ही लढाया लढाव्या लागतात.

म्हणून घरी गेल्यावर ही कामं करा. एक, वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवून रानाच्या हद्दी बोलायला लावा, पोरांनी लिहून घ्या. दोन, दंडाच्या पावत्या, जुन्या केसेस, शाळेचे दाखले, मतदार यादी, जे असेल ते एका पिशवीत ठेवा आणि झेरॉक्स दुसऱ्याच्या घरी ठेवा. तीन, ग्रामसभेचा ठराव करून वनहक्क समितीमार्फत सामूहिक दावा टाका. चार, पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. तोंडी 'बघतो' ही पोच नव्हे.

आम्ही परत जाऊ तेव्हा विमानं घिरट्या घालत असतील. आमची पोरं वर बघून ओळखतात, हे शिकणारं आहे, हे मोठं आहे. त्यातल्या एखाद्या पोरीनं उद्या ते चालवावं, अशी आमची पण इच्छा आहे. पण तिनं वरून खाली बघितलं, तर तिला तिची वस्ती दिसली पाहिजे. आमची लढाई तेवढ्यासाठी आहे.

तुमच्या वाडीला आमची गरज पडली, तर एक निरोप धाडा. कालव्याच्या शेवटच्या टोकावरून आम्ही येऊ.

जिंदाबाद!